राखणदाराचा वाटा

"वजन वाढलंच कसं?" मी काट्याकडे बघत विचारलं. टेबलावर बंटी धापा टाकत होता. सारसोळे कोळीवाड्यातल्या महादेवकाकांचा हा म्हातारा पोमेरेनियन.

"डॉक्टर, तुमी सांगितला तसाच चाललाय. मोजून भात नि उकडलेली कोंबडी. मीठ नाय, मसाला नाय. आईशप्पत!"

नेरुळच्या आमच्या क्लिनिकमध्ये अशा शपथा मी रोज ऐकते आणि सोडून देते. पण काका खोटं बोलणारे नव्हते.

बंटीच्या हृदयाची झडप सैल झाली होती. झडप नीट मिटली नाही की थोडं रक्त मागे गळतं आणि स्टेथोस्कोपमध्ये फुसफुस ऐकू येते. तिला आम्ही 'मरमर' म्हणतो. लहान जातीच्या कुत्र्यांत उतारवयात हे होतं. झडप काही मी बदलू शकत नव्हते. हृदयावरचं ओझं तेवढं कमी करता येतं. वजन उतरवायचं आणि खारट बंद, कारण मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. ते पाणी फुप्फुसात उतरलं की खेळ अवघड. बंटी तिथपर्यंत पोचू नये, एवढीच माझी धडपड होती.

संध्याकाळी सरळ त्यांच्या घरीच गेले. खाली भाडेकरूंचे फ्लॅट, पण गच्चीवर अजून खारवलेले बांगडे वाळत घातलेले. मधोमध बसून बंटी कावळ्यांवर भुंकत होता. काकी मासे गोळा करत होत्या. शेवटी एक अख्खा बांगडा त्यांनी बंटीपुढे ठेवला.

"काकी, अहो खारट बंद सांगितलंय ना?"

"जेवनात कुटं घालतंय? ह्यो त्याचा वाटा हाय."

"कसला वाटा?"

"दिसभर राखन कोन करतं? होडीवर गेलेल्या परत्येकाला वाटा भेटतं. आमी कोनाचा मारत नाय."

मला राग आला होता, पण हसूच फुटलं. काकांची शपथ खरी होती. वाटा म्हणजे जेवण नव्हे, मजुरी! तो बंद करा म्हटलं असतं, तर काकींनी डॉक्टरच बदलला असता.

"वाटा ताज्या मासळीचा दिला तर? खारवायच्या आधीचा छोटा तुकडा, उकडून, काटे काढून. आणि तेवढा भात कमी."

काकींनी विचार केला. "ताजा म्हंजे मान वाढलाच त्याचा. द्याला हरकत नाय."

हळूहळू बंटीचं वजन उतरलं. मरमर आहेच, ती जाणार नाही. पण फुप्फुसं कोरडी आहेत आणि गच्चीवरची नोकरी चालू आहे.

आता कुत्रा काय खातो, एवढं विचारून मी थांबत नाही. तो घरात काम काय करतो, हेही विचारते.