गौस पिंजाऱ्याकडची गादी

कालिंदीबाई चपला काढल्या की त्यांची तोंडं दाराकडं फिरवून ठेवायच्या. चहा आला की बशी समोरच्याकडं सरकवायच्या, कप आपल्याला. पोराला हाक मारताना आईचं नाव आधी घ्यायच्या: चिमणाबाईचा पिराजी, अक्काचा सयाजी. बापाचं नाव हजेरीत असतंच की, म्हणायच्या. गावातल्या शाळेचे हेडमास्तर त्यांच्याच हाताखाली शिकलेले. चारचौघांत त्यांना 'सर' म्हणायच्या आणि एकटे सापडले की 'अरे ज्ञानू'. कोंबड्यांशी बोलायच्या. कुणाच्या घरी गेल्या तर आधी पाणी मागायच्या, मग बसायच्या. बसल्या की काम झाल्याशिवाय उठायच्या नाहीत.

हे सगळं खतिजाला बाईंच्या अंगणात उभं राहून आठवत होतं. पुरुषमाणसं नुकतीच स्मशानातून परतली होती. सकाळी जोंधळे निवडता निवडता बाई एका अंगाला कलंडल्या, आणि संपलं. सुपात निम्मे जोंधळे निवडलेले, निम्मे तसेच. सहा वर्षांची नात वैजू ते सूप कुणाला उचलू देत नव्हती.

खतिजा मराठी घेऊन बी. ए. झालेली. गडमुडशिंगीच्या मोहल्ल्यातली पहिलीच. दोन वर्षं रोज संध्याकाळी ती बाईंकडं यायची, एकीनं वाचायचं, दुसरीनं ऐकायचं. वयात पस्तीस वर्षांचं अंतर, पण मैत्रीण म्हणावी तर हीच. आणि आज तिला रडू येत नव्हतं.

गर्दीत मागं गौस पिंजारी उभा होता. त्याच्या केसांत कापूस होता. तो खतिजाकडं बघत होता आणि तिनं बघितलं की मान फिरवत होता. का, ते तिला कळलं. बाईंची गादी त्याच्याकडं होती.

गादीची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती.

गौसची बायको लवकर गेली. मागं एकच मुलगी, बिबीजान. ती मॅट्रिकच्या वर्गात असताना कागलहून स्थळ आलं. हमरस्त्याला टायरचं दुकान, घर चांगलं, पोरगा निर्व्यसनी. गौसची छाती कापसाच्या धुळीनं भरलेली. खोकल्याची उबळ आली की भिंत धरायचा. आपण आहोत तोवर पोरीचं व्हावं, एवढंच त्याचं म्हणणं. त्यात खोटं काय होतं?

बाईंनी वाद घातला नाही. गौसही त्यांचाच विद्यार्थी. त्याच्या घरची रीत त्यांना माहीत होती: इसार घेतलेलं काम अर्धं ठेवून दारात मांडव घालायचा नाही. आज्यापासून चालत आलेली. बाई खोळीचं कापड आणि कापूस घेऊन गेल्या, पाणी मागितलं, पोत्यावर बसल्या.

"गौस, वैजूला गादी करायची. हा इसार."

गौसनं रुपया कपाळाला लावला. तीन दिवसांचं काम, त्याला वाटलं.

चौथ्या दिवशी बाई आल्या. गादीच्या कोपऱ्यावर तळवा दाबला.

"हा कडक लागतोय."

"कुठं बाई? लोण्यागत हाय की!"

"माझ्या हाताला कडक लागतोय. उसव. तोवर बिबीजान, भूमिती आण बघू."

गौसनं उसवली, पुन्हा पिंजली, पुन्हा भरली. पुढच्या खेपेला दुसरा कोपरा खोल गेलेला. त्याच्या पुढच्या खेपेला मधले टाके तिरके. प्रत्येक खेपेला बिबीजानचा एक धडा व्हायचा. दिवाळी गेली.

"बाई, ही गादी हाय का शाळा?" गौस एकदा कावला.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतंय, ह्या गादीवर वैजूची नातवंडं झोपणार!"

"मग तर चांगली भर."

खतिजानं हे घरी सांगितलं तेव्हा तिचे अब्बा, दिलदार शिंपी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांचं दुकान कोल्हापुरात, शाहूपुरीत. "तुला स्थळ आलतं त्या येळंला माझ्याकडं झंपर टाकलता बाईंनी. बाही चढत न्हाय, बाही चढत न्हाय! तू मॅट्रिक झालीस आनि दुसऱ्या दिवशी बाही चढली."

कागलकर मात्र हसण्यातले नव्हते. पोरगी शिकून काय दुकानातली बिलं फाडणार काय, असा निरोप आला. मार्चपर्यंत थांबायचं नाही. मॅट्रिकची परीक्षा मार्चमध्ये. आणि जानेवारीत बाई गेल्या.

बाईंचं दहावं झालं आणि गौसनं खतिजाला बोलावून घेतलं. दुकानात कापूस पिंजायची धनुकली भिंतीला टेकलेली. मधोमध बाईंची गादी पसरलेली. तीन बाजू शिवून झालेल्या. चौथी उघडी, तिच्यातून कापूस दिसत होता.

"बस. यज्ञेश्वरांना इचारलं," गौस म्हणाला. यज्ञेश्वर म्हणजे बाईंचा मुलगा. "ते म्हनले, शिवून टाका, उद्या न्हेतो. त्यांचं बी बरोबर हाय. कागलची मानसं आईतवारी तारीख धरायला येनार. एका तासाचं काम ऱ्हायलंय बघ."

"मग मला कशाला बोलावलंत, चाचा?"

गौस दाभणात दोरा ओवत होता. दोरा जाईना.

"दर खेपंला त्या हात लावून बघायच्या. आता कुनी बघायचं? यज्ञेश्वरांना यातलं कळत न्हाय. तू त्यांच्याजवळची."

आतल्या दारात बिबीजान उभी होती. तिच्या हातात पुस्तक होतं, बोट पानात घातलेलं. ती बापाकडं बघत नव्हती, खतिजाकडंही नाही. गादीकडं बघत होती.

खतिजा खाली बसली. कोपऱ्यावर तळवा दाबला. कोपरा मऊ होता. चारही कोपरे मऊ होते. इतकी मऊ गादी तिनं जन्मात बघितली नव्हती. चार महिने पुन्हा पुन्हा पिंजलेला कापूस, आणखी कसा असणार? अशा वेळी बाई काय म्हणायच्या ते तिला ऐकून ठाऊक होतं. पण बाई खोटं बोलल्या तरी त्यांचं वजन होतं. आपलं काय आहे? शिंप्याची पोर, चार पुस्तकं वाचलेली. आणि गौसचाचा खोकत होते. त्यांचं भय खरं होतं.

तिनं दुसऱ्यांदा दाबलं.

"कडक लागतोय, चाचा."

गौसनं दोरा खाली ठेवला.

"तुला कापसातलं कळतंय व्हय गं?"

"न्हाय कळत. पण बाईंनी पास केली न्हवती."

"आनि तू कवा पास करनार?"

"मार्चमधी येते की. परीक्षा झाली की येते. तोवर भूमिती घ्यायला रोज येईन."

गौसला खोकला आला. भिंत धरून त्यानं तो पुरा होऊ दिला. मग तोंड पुसलं, दाभण भिंतीतल्या भेगेत खोचलं.

"त्या म्हातारीनं मरून बी सोडलं न्हाय मला," तो म्हणाला. "बिबी, चुलीवर चहा टाक. आनि कागलला निरोप धाड कुनाच्या तरी हाती. म्हनावं, इसाराचं काम अडलंय."

त्यानं तिसऱ्या बाजूची शिवण नखानं उचलली आणि दोरा ओढायला लागला. टाके एकेक सुटत गेले. वैजूची गादी दोन बाजूंनी उघडी झाली आणि कापूस जमिनीवर आला.