खिडकीत टांगलेली चूक

डॉ. वामनरावांना मी प्रथम पाहिले ते एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात, नगरच्या त्यांच्या दवाखान्यात, सुजलेला गाल हातात धरून. माझ्या आधी नंबर होता भिंगारच्या रामभाऊंचा. रामभाऊ लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. वरचा पुढचा दात त्या वाद्यावर टेकवावा लागतो, आणि नेमका तोच किडलेला. दुसऱ्या कुणी नस काढून मूळ भरले होते, ते फसले. मग वामनरावांनी हिरडी उघडून मुळाचे टोक कापले. सहा महिन्यांत पुन्हा पू.

सारे भिंगार सांगत होते, उपटून टाका.

"दात ग्येला तर वाजवू कशानं, डॉक्टरसाहेब? मला दुसरं काय येत न्हाई."

वामनरावांनी एक्स-रे उजेडाला धरला. "रामभाऊ, दोष दाताचा नाही, माझा. टोक कापलं, पण तिथलं भोक बुजवलं नाही. आधीचं भरणं पुरेल असं धरून चाललो. पुन्हा उघडू द्याल?"

"आन् फिरून फसलं तर?"

"तर तेही माझ्याच नावावर."

बाकावरचे दोन प्रतिष्ठित गृहस्थ तत्काळ उठून गेले. चूक कबूल करणारे डॉक्टर त्यांना चालत नव्हते. मी बसून राहिलो. धैर्याने नव्हे, दाढ ठणकत होती म्हणून.

या वेळी वामनरावांनी टोकाला चांदी भरून छिद्र बंद केले. जुना एक्स-रे खिडकीच्या काचेवर डकवला, खाली स्वतःचे नाव लिहून. त्यांची रीतच ती: साधलेले एक्स-रे कपाटात, फसलेले खिडकीत.

आता वामनरावांच्या साठीनिमित्त गौरवग्रंथ निघतो आहे, आणि माझा हा लेख वाचून गौरवसमिती मला कळवते, 'हा प्रसंग गाळावा. गौरवग्रंथात अपयश शोभत नाही.' खाली सही आहे बाकावरून उठलेल्या गृहस्थांपैकी एकाची. पाठशाळेत आम्हाला क्रोध आवरायला शिकवले होते; ते शिक्षण आज वाया गेले. अहो महाशय, वामनरावांचे अक्षर लागत नाही, ते चहा पाजत नाहीत, दात घासण्यावरून वडीलधाऱ्यांनाही फैलावर घेतात. ती खिडकी वगळली तर तुम्ही गौरव कशाचा करणार? चुका झाकणारे जिल्ह्यात रग्गड आहेत. उजेडात टांगणारे एक सापडले, तर त्यांच्या साठीला तुम्ही पडदा शिवायला बसलात. प्रसंग गाळणार असाल तर माझे नावही गाळा.

समारंभात रामभाऊ वाजवणार आहेत, त्याच दातावर. वामनरावांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांच्या खिडकीची काच पुष्कळशी मोकळी राहो, आणि तिला पडदा कधी न लागो.