आता काय घेऊन राह्यली मी

कूळकायद्याच्या सुनावण्या चालू होत्या तेव्हाची गोष्ट. दुसऱ्याची जमीन कसणारा तो कूळ, आणि सरकारनं ठरवलं होतं की आता ती जमीन त्याची व्हावी. फक्त त्यानं साहेबांपुढे येऊन सांगायचं, मी विकत घ्यायला राजी आहे. नाही म्हणाला, की जमीन मालकाकडे परत. साहेब विचारायचे, मी लिहायचो.

साहेब पुण्याकडचे. माणूस सोन्यासारखा, खोटं कशाला बोलू? मालकाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. पण आमची वऱ्हाडी त्यांच्या कानात शिरत नसे. सुरुवातीला मी मध्येच तोंड घालून अर्थ सांगायचो. एकदा मालकाच्या वकिलानं हरकत घेतली, "जबाब कूळ देतंय की कारकून?" साहेब सगळ्यांदेखत मला म्हणाले, "तुम्ही फक्त लिहा." झालं! माझं डोकंच फिरलं. म्हटलं ठीक आहे, लिहीन, बोलणार नाही.

त्यानंतर आठच दिवसांनी पिंपळगाव राजाकडच्या एका खेड्यात, चावडीवर, एक म्हातारी पुढे आली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तो कसायचा ते एक वावर, तेवढाच तिचा आधार. साहेबांनी मायेनं विचारलं, "आजी, ही जमीन तुम्ही विकत घेणार का?"

ती हसली. "आता काय घेऊन राह्यली मी, साहेब!"

आमच्या बोलीत 'घेऊन राह्यली' म्हणजे 'घेते आहे'. गावोगाव बोललं जात होतं, कायदा आला, वावर कुळाचं झालं. मग आपलं झालेलं आता विकत काय घ्यायचं, असं तिचं म्हणणं. मला लख्ख कळलं. साहेबांना वाटलं, म्हातारी म्हणतेय, या वयात काय करू घेऊन. "खरं आहे," ते हळहळले, आणि त्यांनी मजकूर सांगितला, 'सदर जमीन खरेदी करण्यास मी राजी नाही.'

माझा हात थांबला. एक शब्द बोललो असतो तर! पण नाही, मेला तो माझा मान! लिहिलं. नियमाप्रमाणे वाचूनही दाखवलं, भरभर, कचेरीच्या सुरात. "बरोबर ना?"

"हाव," ती म्हणाली आणि अंगठा पुढे केला. मीच तो धरून शाईला लावला.

हुकूम निघाला. पेरणीला गेली तर मालकाच्या माणसांनी तिला वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरूनच परत पाठवलं. हुकमाचा कागद घेऊन ती तहसिलीत आली, थेट माझ्या टेबलाशी. मी तिचा जबाब पुन्हा वाचून दाखवला, या वेळी सावकाश, तिच्याच बोलीत.

"असं नाही म्हनलं ना मी, बाबू."

अपिलाचा अर्ज मीच लिहून दिला. अपीलही फेटाळलं गेलं. जबाब वाचून दाखवलाय, अंगठा आहे, संपलं. तो निकाल ऐकायला ती माझ्याकडेच आली. टेबलाशी बसली आणि म्हणाली, "साहेब तं पुन्याचे. तू आपल्याकडलाच ना रे? तुले बी नाही समजलं?"

"नाही समजलं, माय," मी म्हणालो.

तिनं ते खरं मानलं. उठता उठता माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे, बाबू. तू तरी काय करशीन?"