टॉवेलखालचे मतदान

माणिकअप्पा धन्नुरे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या भुसार अडत संघाच्या कार्यालयात. कारकुनाच्या जागेसाठी मी गेलो होतो. मी बीदरजवळच्या नौबादचा, पीयूसी, म्हणजे बारावी, नापास. अर्ज चार वेळा लिहून काढला होता आणि चारही प्रती बरोबर नेल्या होत्या. अप्पा संघातले सर्वांत जुने अडते. त्यांनी चारही शांतपणे वाचल्या.

"चारीबी सारख्याच हायत की रे."

"एखादी हरवली तर असाव्यात म्हणून आणल्या," मी म्हणालो.

अप्पा संचालकांकडे वळले. "ह्याला ठेवून घ्या. आपल्यात हरवणारे लई झालेत, ठेवणारा एकबी न्हाई."

अप्पांना आता पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरव अंकासाठी लेख लिहिण्याचे काम संघाने माझ्यावर सोपवले. अप्पांमुळे संघ हायकोर्टात जिंकला हे सर्वांना माहीत आहे. पण ते प्रकरण माझ्यामुळे सुरू झाले, हेही लिहिले पाहिजे.

बीदरच्या धान्यबाजारात, म्हणजे गंजात, तुरीचा भाव पूर्वी तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा टॉवेलखाली एकमेकांची बोटे धरत. एक बोट म्हणजे शंभर. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नसे. संघाची निवडणूकही याच रीतीने होई. अप्पा निवडणूक अधिकारी म्हणून खुर्चीवर बसत आणि उजव्या हातावर पांढरा टॉवेल टाकत. एकेक सदस्य येऊन टॉवेलखाली हात घाली. पहिल्या उमेदवाराला मत असेल तर अप्पांचा अंगठा दाबायचा, दुसऱ्याला असेल तर करंगळी. मोजणी अप्पांच्या डोक्यात होई. शेवटी ते उठून आकडे सांगत आणि सगळे जेवायला बसत. तीस वर्षांत अप्पांच्या आकड्यावर कोणी शंका घेतली नव्हती, आणि कोणाचे मत कोणाला गेले हे अप्पांच्या घरीही कळले नव्हते.

माझ्याआधीचे कारकून इतिवृत्तात एकच ओळ लिहीत: "निवडणूक शांततेत पार पडली." मला ते अपुरे वाटले. माझ्या पहिल्याच निवडणुकीला मी सविस्तर लिहिले: कोण किती वाजता आले, किती वेळ हात आत होता, आणि "मतदान अप्पांच्या टॉवेलखाली गुप्तपणे पार पडले." खाली सर्वांच्या सह्या घेतल्या. वाचून कोणीच पाहिले नाही.

पाहिले ते फक्त हणमंतशेठ यांनी. ते अध्यक्षपदाला हरले होते. इतिवृत्ताची नक्कल त्यांनी रीतसर अर्ज करून मागितली आणि मी ती शिक्का मारून दिली. ती नक्कल त्यांच्या तक्रारीसोबत सरकारी कार्यालयात पोचली आणि महिन्याभरात हुकूम आला: मतपत्रिका नाही, पेटी नाही, म्हणजे निवडणूकच झालेली नाही, कार्यकारिणी बरखास्त, संघावर प्रशासक नेमला आहे. आम्हाला ना नोटीस, ना विचारणा.

प्रशासकसाहेबांनी येताच पहिले परिपत्रक काढले: कार्यालयाच्या आवारात कोणीही टॉवेल बाळगू नये. ते मीच टाइप केले. दिवस एप्रिलचे होते. व्यापारी बाहेर खिळ्याला टॉवेल अडकवून आत येत आणि शर्टाच्या बाहीने घाम पुसत. चौथ्या दिवशी पंखा बंद पडला. साहेबांनी खिडकीतून हात लांब करून एक टॉवेल ओढून घेतला. तो अप्पांचा होता. अप्पा बाहेरून म्हणाले, "पुसा साहेब, पुसा. मत देऊ नका म्हणजे झालं."

मला मात्र झोप लागत नव्हती. राजीनामा लिहून, त्याच्या तीन प्रती काढून, मी अप्पांच्या घरी गेलो.

"कामून रडायलास?" अप्पांनी विचारले.

"मी लिहिलं म्हणून हे झालं, अप्पा."

"खोटं लिवलास काय?"

"नाही."

"मग? टॉवेलखालीच झालतं की मतदान. रजईखाली झालं म्हणून लिवला असतास तर तुला काढलो असतो." मग ते म्हणाले, "हे बघ, खुर्ची गेली त्याचं मला काही न्हाई. पण तीस वर्षं मी सांगितलेला आकडा खोटा होता, असं त्या कागदाचं म्हणणं हाय. ते मी मरूस्तोवर ऐकून घेणार न्हाई."

कलबुर्गीला हायकोर्टात याचिका दाखल झाली. सुनावणीला अप्पा आणि मी बसने गेलो. माझ्या पिशवीत इतिवृत्ताचे मूळ पुस्तक होते, आणि हुमनाबाद येईपर्यंत ते पिशवीत आहे का हे मी सात वेळा पाहिले. आठव्या वेळी अप्पांनीच पिशवी उघडून दाखवली. ही त्यांची जुनी सवय आहे. संध्याकाळी कार्यालयाचे कुलूप पाहायला मी तिसऱ्यांदा मागे फिरलो की तेही चप्पल घालतात. "थांब, मीबी येतो. मलाबी शंका आली," म्हणतात. माझ्या या सवयीला ते आजवर एकदाही हसलेले नाहीत.

कोर्टात काय चालले होते ते आमच्या वकीलबाई मराठीत सांगत होत्या. सरकारी वकिलांनी माझे इतिवृत्त मोठ्याने वाचले. टॉवेलचा उल्लेख आल्यावर न्यायमूर्तींनी चष्मा काढला.

"नेमणुकीआधी संघाला नोटीस दिली होती का?"

"नाही."

"तक्रारदारांनी स्वतः मत दिले होते का?"

सरकारी वकिलांनी माझ्याच इतिवृत्तात बोट फिरवून पाहिले. "होय. अकरा वाजून दहा मिनिटांनी."

"कुठे?"

"टॉवेलखाली."

कोर्टात हशा झाला. मागच्या बाकावर हणमंतशेठ आपल्या खांद्यावरचा टॉवेल घडी करून खिशात कोंबत होते.

निकाल आमच्या बाजूने लागला. सरकारला देखरेखीचा अधिकार आहे, पण संघाचे म्हणणे न ऐकता निवडून आलेली माणसे घरी पाठवण्याचा नाही. प्रशासकाची नेमणूक रद्द. अप्पांच्या प्रामाणिकपणावर कोणताही आक्षेप सिद्ध झालेला नाही, हेही लिहिले होते. मात्र यापुढच्या निवडणुका अप्पांच्याच देखरेखीखाली, मतपत्रिका आणि पेटी वापरून घ्याव्यात असा आदेश होता.

परतीच्या बसमध्ये अप्पांनी टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "जिंकलो रे. पण आता हाताला काम न्हाई."

पुढच्या निवडणुकीच्या दिवशी अप्पा पेटीशेजारी बसले. सवयीने टॉवेल हातावर होता. पहिल्या सदस्याने पेटीत मतपत्रिका टाकली, निघाला, आणि मागे वळून टॉवेलखाली हात घालून गेला. मग दुसरा, मग तिसरा. हणमंतशेठही आले. टॉवेलखाली त्यांचा हात सगळ्यांत जास्त वेळ होता. बाहेर काढताना ते म्हणाले, "चुकलो, अप्पा." अप्पा म्हणाले, "शेठ, इथं फक्त मत घेतो. पुढं चला, लाइन हाय."

पेटी उघडण्याआधी अप्पांनी आकडे एका चिठ्ठीवर लिहून माझ्या खिशात ठेवले. पेटीतली मते मोजली. एक सोडून सगळी जुळली. म्हणजे कोणीतरी पेटीत एक आणि अप्पांच्या हातात दुसरे सांगितले होते. तेव्हापासून एक सदस्य अप्पांना रोज न चुकता चहा पाठवतात आणि हळूच विचारतात, "कुणाला बोललाव न्हाई न्हवं?" त्यांचे नाव मी लिहीत नाही. मागे एकदा सविस्तर लिहिल्यावर काय झाले ते वर आलेच आहे.

हा लेख घेऊन काल अप्पांकडे गेलो. शेवटी शुभेच्छा काय लिहू ते सुचत नव्हते. अप्पांच्या हातावर टॉवेल होता. मी खाली हात घातला आणि त्यांचे एक बोट धरले.

"शंभर?" अप्पा म्हणाले. "लई सांगायलास. गुडघ्याकडं बघून जरा कमी कर की."

"नाही अप्पा. एकच भाव."

अप्पांनी बोट सोडवून घेतले नाही.

"बरं," ते म्हणाले. "पण ह्याची नक्कल कुणाला देऊ नकोस."