मातीला गुण देणारा शिंपी

महायुद्धाच्या काळात मलकापूरचा आमचा शिंपी जत्रांतले कुस्त्यांचे आखाडे बघत सायकलवरून हिंडे. मागं कॅरियरवर मी, त्याच्या दुकानात काजं-बटणं करणारा पोरगा. आखाड्यातल्या लाल मातीची चिमूट हुंगून तो दहापैकी गुण वहीत लिही. पैलवानही त्याचं नाक मानत.

मेढ्याला त्यानं तीनच दिले. "मातीत लसूण हाय."

तिथले वस्ताद म्हणाले, "आवं, मातीत ताक घातलंय, तेल घातलंय. फोडणी न्हाई दिली."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्याच शिदोरीतली चटणी तिथं सांडली होती आणि मी ती पायानं मातीत दाबली होती. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

पुढं औंधला त्यानं चिमूट माझ्यापुढं धरली. "तू हुंग रं. माज्या नाकाचं आता काय खरं न्हाई."

मी हुंगून सात गुण दिले. त्यानं ते वहीत लिहून घेतले.