पॅकिंग हॉलमधल्या बारा सह्या

शांताक्का आणि आम्ही अकराजणी. औषधाच्या कारखान्यातल्या पॅकिंग हॉलच्या बायका. सत्त्याण्णव साल, मार्चमधला दुसरा सोमवार, सकाळची पाळी. गेटवर हजेरीच्या फळीत आमची कार्डंच नव्हती. वॉचमन खाली बघत म्हणाला, "अक्का, तुमची नावं काढलीत."

आतून पर्सोनेलचे साहेब आले. कंपनी विकली गेल्यावर मुंबईहून आलेले. आमच्याशी मराठीत बोलायचे. बेंगळुरात तेवढ्यावरच मला ते आपले वाटायचे. लाज वाटते आता.

"स्वेच्छानिवृत्ती तुम्हीच मागितलीत." त्यांनी कागद दाखवले. बारा सह्या. खऱ्या.

औषधाच्या कारखान्यात सहीशिवाय काही हलत नाही. मशीन पुसलं, सही. लेबलं तपासली, सही. नवा नियम सांगितला, 'समजला' म्हणून सही. आधीच्या शनिवारी ट्रेनिंग संपताना असाच गठ्ठा आला, सगळा इंग्रजीत. बारावी झालेली मी एकटीच. शांताक्काने विचारलं, "स्वल्प बघ गे, काय लिहिलंय?" मी वरचं पान बघितलं. "नेहमीचंच, अक्का. करून टाका." तिसऱ्या पानावर आमचे स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज होते.

"हे आम्हाला कुणी सांगितलं नाही!" मी गेटवर ओरडले.

साहेब हसले. "इंग्रजी येतं म्हणून मिरवता ना, बाई? मग वाचायचं होतं. यांचं काय, अंगठाही चालला असता."

शांताक्काची एकोणीस वर्षं त्या हॉलमध्ये गेली. नवरा अंथरुणावर, घर तिच्या एकटीवर. तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. दिल्या नाहीत. "सरी, ठीक आहे, चल," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात साहेबांनी पेन पुढे केलं. ओळखपत्र परत केल्याची पोच. अजून एक सही. बाकीच्यांनी केली, घाबरून. मी हात मागे घेतला. म्हटलं, "माझं नाव तुमच्या कागदावर पुन्हा येणार नाही."

त्या नकाराने काही बदललं नाही. कामगार कचेरीत विचारतात, सही तुमचीच ना? मशीनं दुसऱ्या गावी गेली. शांताक्का घरी उदबत्त्या वळते. आमची नोकरी परत मिळेल असं सांगून मी कुणाला फसवणार नाही.

पण बायांनो, तुम्ही अजून कामावर आहात, आणि तुमची कंपनीही विकायला निघाली आहे. उद्या तुमच्या हॉलमध्ये गठ्ठा येईल. तुम्हाला वाचता येत असेल तर उभ्या राहा. सगळ्यांना ऐकू जाईल असं, शेवटच्या पानापर्यंत वाचा. तोवर एकीलाही पेन उचलू देऊ नका.