म्हातारी खुर्चीतून उठली तेव्हा

स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. डबे उघडायचे, लोणच्याची फोड इकडून तिकडे जायची आणि तेवढ्यात कुणीतरी काहीतरी बोलून जायचं. शिक्षक बदली होऊन जातात, किस्से मात्र तिथेच राहतात. सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत मी एकवीस वर्षं आहे. मुलं कमी होत गेली, किस्से वाढत गेले!

पण परवा एका सिनेमामुळे सोमवारच्या मधल्या सुट्टीत जे निघालं, तसं आधी कधी निघालं नव्हतं. अजून मनातून जात नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

*

सिनेमाला नेलं ते आमच्या हेडमास्तरांनी, बोरसे सरांनी. त्यांचा वाढदिवस होता. रविवारी दुपारचा शो. सर, गणिताचे पाटील सर, कुलकर्णी बाई, शिपाई सुकलालभाऊ आणि मी.

बोरसे सरांना एक खोड आहे. प्रत्येक सिनेमाचा शेवट ते मध्यंतराच्या आधीच सांगून मोकळे होतात. हा सिनेमा ठगाचा, शेवटी मोठा धक्का आहे असं सगळीकडे बोललं जात होतं. म्हणून कुलकर्णी बाईंनी थिएटरच्या दारातच त्यांना शपथ घातली, "सर, आज तोंड उघडायचं ते फक्त समोसा खायला!"

सरांनी मध्यंतरापर्यंत कसाबसा दम धरला. मग समोसा हातात घेऊन माझ्या कानाशी आले. "चौधरी बाई, तो नोकर बघून ठेवा. खरा चोर तोच!"

नोकर शेवटपर्यंत नोकरच निघाला. चहा आणला, कप नेले, संपलं.

बाहेर पडताना सर म्हणाले, "नोकराचं काहीतरी आहे हो. दुसऱ्या भागात कळेल!"

*

सिनेमा असा होता. एक गोडबोल्या ठग एका एकट्या, श्रीमंत म्हातारीच्या घरात शिरतो. "मी तुमच्या गेलेल्या मुलाचा मित्र," म्हणतो. म्हातारी चाकांच्या खुर्चीत, तिला चालता येत नाही. मुलाच्या आठवणी ऐकता ऐकता ती एकेक किल्ली त्याच्या हातात देते. ठग खूश. आणि शेवटच्या पाच मिनिटांत कळतं की मुलगा वगैरे तिला कधी नव्हताच! ठगालाच तिने जाळ्यात ओढलेलं. त्याचं सगळं तिच्या बॅगेत. म्हातारी खुर्चीतून उठते, पदर खोचते आणि तरातरा चालत निघून जाते!

थिएटरमध्ये शिट्ट्याच शिट्ट्या. पुढच्या रांगेतली पोरं "अरे वाह माजी!" म्हणून उभी राहिली. पाटील सरही टाळ्या वाजवत होते.

कुलकर्णी बाई मात्र बसूनच. अख्खा सिनेमाभर त्या म्हातारीसाठी रडल्या होत्या. दोन रुमाल ओले झाले होते, दुसरा माझा. दिवे लागले, लोक पायावर पाय देत बाहेर निघाले, तरी बाई उठेनात. मग माझ्याकडे वळून अगदी लहान आवाजात म्हणाल्या,

"मग मी रडले कुणासाठी?"

*

सोमवारी मधल्या सुट्टीत विषय तोच. बोरसे सर भाकरी मोडत म्हणाले, "पण इतका हुशार माणूस असा फसतो कसा? पटत नाही बुवा!"

 सगळ्यांनी आपापल्या डब्यात पाहिलं. कारण पाटील सर समोर बसले होते.

मागच्या वर्षीची गोष्ट. पाटील सर म्हणजे कडक माणूस. "मला कोण फसवणार? मी खोटी सही डोळे मिटून ओळखतो!" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. एका सकाळी त्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर वर्दीतला माणूस, मागे कार्यालयासारखी भिंत. तुमच्या नावाने गुन्हा आहे, तुम्ही अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही.

सर प्रयोगशाळेत शिरले आणि आतून कडी लावून घेतली. तीन तास! आम्हाला वाटलं, उत्तरपत्रिका तपासत असतील.

चौथ्या तासाची घंटा झाली. दाराबाहेर सुकलालभाऊ होते, त्यांनी आतला आवाज ऐकला. पाटील सर, ज्यांच्या आवाजाने आठवीची पोरं चळचळा कापतात, ते म्हणत होते, "साहेब, माझा तास आहे. जाऊ का?"

पलीकडून काहीतरी खेकसणं ऐकू आलं.

"साहेब, पाचच मिनिटं. सातवी ब मोकळी आहे हो!"

भाऊंनी खांद्याने दार उघडलं आणि फोन हिसकावून बंद केला. नुकसान काही झालं नव्हतं, वेळेवर सुटले. पण सर तिथेच स्टुलावर बसून राहिले.  दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले ते नेहमीसारखे, कुणी काही विचारलं नाही.

फक्त एक बदल झाला. आता वर्गात एखादं पोरगं उभं राहून "सर, जाऊ..." एवढं म्हणालं, की "का" यायच्या आत सर म्हणतात, "जा बाळ, जा!"

*

कुलकर्णी बाईंनी डबा बंद केला. "माझ्याकडेही आला होता एक," त्या म्हणाल्या.

 मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली, पण हे कधी बोलल्या नव्हत्या.

बाईंचे मिस्टर बँकेत होते. ते गेले त्याला महिना झाला असेल. पन्नाशीचा एक माणूस हार घेऊन दारात आला. "वहिनी, मी साहेबांबरोबर भरूचच्या शाखेत होतो." फोटोला हार घातला, डोळे पुसले, बसला. आणि बोलत राहिला. साहेब डब्यातली अर्धी पोळी मला द्यायचे. साहेब काम करताना गुणगुणायचे. डॉक्टरांनी तेलकट बंद केलं होतं ना, तरी कोपऱ्यावरून वर तेल सोडलेला गरम लोचो मागवायचे आणि म्हणायचे, घरी कळलं तर माझं काही खरं नाही!

"महिनाभरात पहिल्यांदा हसले हो मी," बाई म्हणाल्या. "त्याला म्हटलं, अजून सांगा. तो सांगत गेला. दोन तास."

जाताना त्याने साहेबांची काहीतरी आठवण मागितली. बाईंनी मिस्टरांचा कॅमेरा दिला. स्वतः पुसून, पिशवीत घालून.

पुढच्या आठवड्यात भरूचचे खरे सहकारी भेटायला आले. त्या नावाचा माणूस शाखेत कधी नव्हताच. पेपरातल्या श्रद्धांजलीत नाव, गाव, बँक सगळं छापलेलं होतं. तेवढ्यावर आला होता.

"मुलगा पुण्याहून फोनवर ओरडत होता, आई, पोलिसांत जा. मी म्हटलं, तक्रारीत काय लिहू? एक माणूस आला आणि दोन तास तुझ्या बाबांना घेऊन बसला?"

पाटील सर मान खाली घालून ऐकत होते.

बाई हात धुवायला उठल्या. नळाशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "बाकी सगळं खोटं असू दे. लोचोचं तेवढं खरं असावं, असं वाटतं."

*

मग मला राहवलं नाही. मीही सांगितलं.

पाचवीचा वर्ग होता माझ्याकडे. त्या वर्षी पोरांनी मला फसवायचा चंगच बांधला होता. कुणाची वही रिक्षात राहायची. एकाने तर एकच आजी दोनदा मारली! त्यामुळे माझा कान तयार झालेला. खोटं बोललं की लगेच कळणार!

दीपाली नावाची मुलगी होती. वडील धुळ्याकडचे, इथे लूमवर कामाला. पालकसभेला आई आली नाही. "बाई, आई मामाच्या टोळीबरोबर चलथाणला ऊस तोडायला गेली." ठीक. पुढच्या सभेलाही तेच. तिसऱ्या वेळीही तेच, शब्दसुद्धा तेच.

तोवर एप्रिल लागला होता. मी भर वर्गात म्हटलं, "आता कसला गं ऊस? कारखाना बंद झाला. खोटं बोलतेस?"

ती खाली बसली.

तिने घरी सांगितलं असणार, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटताना तिचे वडील आले. डोक्यावर, भुवयांवर कापसाचे तंतू. पाळीवरून तसेच आलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पोरगी खोटं नाही बोलली. खोटं मी बोललो."

बायको फेब्रुवारीत गेली होती. उसाच्या फडावरच ताप आला, दोन दिवसांत संपलं. पोरीला शेजारणीकडे ठेवून यांनी गावी जाऊन सगळं उरकलं होतं.

"परीक्षा होऊ द्या बाई. मग सांगतो. अजून तोंड उघडत नाही माझं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सकाळी प्रार्थना झाल्यावर दीपाली माझ्या टेबलाशी आली. "बाई, तुम्ही म्हणाल्या ना, कारखाना बंद झाला. मग आई का नाही आली?"

सगळा वर्ग वह्या काढत होता. मी तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधली.

"माझं चुकलं गं," मी म्हटलं. "चालू आहे अजून. या वर्षी ऊस फार आहे."

*

सुकलालभाऊ दारात चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक. बोरसे सरांनीच विचारलं, "भाऊ, तुम्हाला कसा वाटला सिनेमा?"

"म्हातारी हुशार व्हती," भाऊ म्हणाले. मग ट्रे खाली ठेवला आणि पहिल्यांदाच आमच्यात खुर्ची ओढून बसले.

भाऊ शिरपूरकडचे. विशीत असताना गावातल्या पंधरा-वीस पोरांबरोबर ट्रकमधून सुरतेला आले. ठेकेदार म्हणाला होता, सुरतेजवळ इच्छापोरच्या कंपनीत कायम नोकरी. त्याने सगळ्यांना एका मोठ्या गेटसमोर उतरवलं, सगळ्यांचे दाखले, मार्कशीटा गोळा केल्या. "बसा, गेटपास घेऊन येतो."

पोरं संध्याकाळपर्यंत बसली. तो आला नाही.

बाकीची पोरं कुठे कुठे पांगली. भाऊ कापड मार्केटात पार्सलं उचलायला लागले. दहावीची मार्कशीट गेलेली. दुसरी काढायची तर गावच्या शाळेत जावं लागणार, म्हणजे वडिलांना कळणार. वडिलांनी तर गावभर सांगून ठेवलेलं, "मना आंडोर कंपनीमा शे!" माझा मुलगा कंपनीत आहे.

मग भाऊंनी ते तसंच राहू दिलं. जुन्या बाजारातून कंपनीचा निळा शर्ट घेतला. दर दिवाळीला तो घालून गावी जायचे. वडील तो शर्ट धुऊन रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर वाळत घालायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. पुढे कुणाकडून तरी गुपचूप दुसरी मार्कशीटही काढून घेतली, शाळेत शिपाई म्हणून लागले, कायम झाले. तरी सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

दोन वर्षांपूर्वी वडील वारले. दहाव्याला शेजारच्या गावचा एक म्हातारा कुणा पाहुण्याबरोबर आला. त्या इच्छापोरच्या गेटवर तो वीस वर्षं वॉचमन होता. भाऊंना तो ओळखत नव्हता. वडिलांचा फोटो बघून थबकला.

"हा बाबा तर आमच्या गेटवर यायचा!"

पहिल्यांदा आला तेव्हा बाजरीच्या भाकरीचं गाठोडं घेऊन आला, वॉचमन सांगू लागला. मुलाचं नाव सांगितलं. याने रजिस्टर पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्या नावाचं कुणीच नाही. बाबा गेटसमोरच्या लिंबाखाली बसला. बराच वेळ बसला. मग उठून याच्याजवळ आला आणि म्हणाला, "आमना गावना कोन्ही इचाराले उनं, ते सांगजो, शे म्हनीसन." आमच्या गावचं कुणी विचारायला आलं तर सांग, आहे म्हणून.

भाऊंनी त्याला विचारलं, "मग आलं होतं का कुणी विचारायला?"

"कुणी नाही," वॉचमन म्हणाला. "तोच यायचा, दर वर्षी एकदा. गेटशी उभा राहून विचारायचा, 'सुकलाल शे का?' मी सांगायचो, 'शे बाबा. कामवर शे.' मग भाकरीचं गाठोडं माझ्याजवळ ठेवायचा आणि बसच्या वाटेला लागायचा."